नारळाचा आकडा

माणूस गेला किंवा रिटायर झाला की "स्वभावाने तसा चांगला होता" असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. मी म्हणणार नाही. अकरा वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढल्यावर तेवढं बोलायलाही माझी जीभ वळत नाही. इतका किचकट, इतका खोचक, समोरच्याचं डोकं उठवणारा माणूस देवानं एकच केला असेल, आणि तो नेमका आमच्या पठारावर धाडला.

पठार साताऱ्याच्या वरचं, पवनचक्क्यांचं. खालच्या रस्त्यानं एस.टी.तून जाताना कड्यावर ज्या चक्क्या फिरताना दिसतात त्या वीज विकतात. आमची जागा त्यांच्या जरा पलीकडं, आणि आमच्या चक्क्या विकण्यासाठी नव्हत्या, तपासणीसाठी होत्या. कुणी नवं पातं काढलं, जुन्या चक्कीत काही सुधारणा केली, की ती आमच्या चक्कीवर चढवायची आणि वाऱ्याच्या अख्ख्या हंगामात ती किती जास्त वीज देते ते मोजायचं. त्यासाठी वारा किती आला हेही मोजावं लागतं. म्हणून चक्कीसमोर एक उंच, बारीक लोखंडी मनोरा होता, आम्ही त्याला मास्ट म्हणायचो. त्याच्या टोकाला तीन वाट्यांचं भिरभिरं. वाट्या फिरल्या की खाली कॉम्प्युटरवर आकडा उमटायचा. तसंच एक भिरभिरं मास्टच्या मध्यावरही होतं. मी आय.टी.आय. झालेला इलेक्ट्रिशियन. कमरेला पट्टा बांधून त्या मास्टवर चढायचं, वाट्या पुसायच्या, वायरी तपासायच्या, हे माझं काम.

आणि साहेब त्या सगळ्याचे प्रमुख. मूळचे वाईचे. घरात पिढ्यान् पिढ्या घाटावर पूजा सांगणारे, आणि हे चिरंजीव कुठल्या देवाला हात जोडतील तर शपथ. मे महिन्यातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. वरच्या खिशात स्टीलची पट्टी आणि थर्मामीटर. थर्मामीटर कशाला? तर चहात बुडवायला! अहो, खरंच सांगतो. चहा आला की हे त्यात थर्मामीटर घालून बघत बसायचे, आणि ठरलेल्या आकड्यावर उतरला की मगच पहिला घोट. तोवर आमचा चहा पिऊन, कप धुऊन झालेला असायचा.

त्यांच्यासमोर नुसतं बोलायचीही चोरी. पहिल्याच आठवड्यात मी सहज म्हणालो, "सायेब, आज लय वारा हाय."

"लय म्हणजे किती?"

"लय म्हंजे... लय."

"आकडा बोल. लय, थोडा, बराच हे वारे माझ्याकडे मोजत नाहीत."

तेव्हापासून अकरा वर्षं हेच. आकडा बोल. डोकं दुखतंय म्हटलं तरी "किती वेळापासून?" आमचे वडील वारले तेव्हा साहेब गावाकडं भेटायला आले. आले म्हणून मला जरा बरं वाटलं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि मला विचारलं, "किती वाजता गेले?"

मी म्हणालो, "पहाटं."

"पहाटे म्हणजे किती?"

भावकी बसलेली. सगळ्यांच्या माना एकदम वर. एका चुलत्यानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "आरं, ह्यो माणूस विम्याचा हाय का रं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा माणसाला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

आणि ते रजिस्टर! कॉम्प्युटर सगळं आपोआप लिहून ठेवत असताना ह्यांचं वेगळं लांबडं रजिस्टर, हातानं भरायचं. रोज सकाळी. मास्टच्या आसपास काय दिसतंय, सगळं त्यात आलं पाहिजे. त्यात अशा नोंदी असायच्या: "म्हैस, एक, उत्तरेला, दोनशे पावलं." का, तर म्हशीमुळं वारा अडतो. दोनशे पावलांवरची म्हैस कुठला वारा अडवणार, डोंबल! पण बोलायची सोय नव्हती. एकदा वरच्या वाट्यांवर घार येऊन बसली तर त्या दिवसाची सगळी मोजणी ह्यांनी लाल रेघ मारून बाद केली. एकदा मुंबईहून मोठे अधिकारी आले आणि चक्की पाठीमागं दिसावी म्हणून मास्टपुढं उभं राहून त्यांनी फोटो काढले. साहेबांनी त्यांच्यादेखत लिहिलं: "पाहुणे, अकरा, फोटोसाठी उभे. अर्धा तास बाद." त्यातल्या एकानं ते वाचलं. पुढच्या वर्षी आमच्या केंद्राला नवी जीप मिळणार होती, ती मिळाली नाही. साहेबांना त्याचं काही नव्हतं, ते चालत फिरायचे.

त्या रजिस्टरातला शेवटचा रकाना साहेबांनी स्वतः आखलेला. त्यावर लिहिलेलं: "वर काही आहे का?" म्हणजे मास्टच्या टोकाला, वाट्यांजवळ काही अडकलंय का. पतंग, कापड, पक्ष्याचं घरटं, काहीही. तो रकाना मी भरायचा. मी रोज लिहायचो, "काही नाही." सही.

का एवढं, म्हणून एकदा आमच्या वॉचमननं विचारलं होतं. वॉचमन म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आम्ही त्यांना सुभेदारच म्हणायचो, साहेबांशी जरा मोकळेपणानं बोलायचे ते एकटेच. साहेब म्हणाले, "वारा मोजण्यात शंभराला एक चुकलं, की विजेच्या हिशेबात शंभराला तीन चुकतं. वारा कमी मोजला गेला तर वाटतं, बघा, एवढ्याशा वाऱ्यात केवढी वीज निघाली. टुकार पातंही सोन्याचं दिसतं." सुभेदारांनी "राइट सर" म्हणून सॅल्यूट ठोकला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "उंटावरचा शहाणा हाय गड्या ह्यो." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आता दाजींचं सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. सांगलीला त्यांचं फायबरचं वर्कशॉप. पाण्याच्या टाक्या करायचे आणि पठारावरच्या जुन्या चक्क्यांची तुटकी पाती दुरुस्त करायचे. शिक्षण दहावी, पण हात असा, की वाकडंतिकडं काही बनवा म्हणावं दाजींना. पाती दुरुस्त करता करता त्यांच्या डोक्यात आलं, की पात्याच्या टोकाला हातभर लांबीचा वाकडा तुकडा जोडला तर चक्की जास्त ओढेल. त्याला ते शेपटी म्हणायचे. दोन वर्षं त्या माणसानं दुसरं काही केलं नाही. जेवताना ताटात भाकरीचा तुकडा वाकवून बघायचा. साचे तयार केले, मोडले, परत केले. शेवटी एक साचा असा जमला, की रात्री झोपताना आक्काला म्हणाले, "आता ह्यात बदल न्हाई."

आमच्या केंद्राचा दाखला मिळाला असता तर पठारावरच्या सगळ्या जुन्या चक्क्यांच्या मालकांनी दाजींच्या दारात रांग लावली असती. दाखला नाही तर शेपटीला कुणी हात लावणार नव्हतं. सगळं एवढ्यावर आलेलं. साहेबांनी शेपटी हातात घेतली, उलटीपालटी केली, पट्टी लावली आणि "घेऊ" म्हणाले. दाजींना चहा विचारला नाही.

पहिल्या पावसाळ्यात शेपटीशिवाय चक्की मोजली. दुसऱ्या वर्षी मे अखेर शेपट्या चढवल्या आणि मोजणी परत चालू. चालू करायच्या दिवशी आक्कानं सांगलीहून नारळ धाडला. गावच्या देवीपुढं ठेवलेला, लाल फडक्यात बांधलेला. फोनवर म्हणाली, "वर बांध रं. लय जणांचा डोळा हाय त्यावर. नजर लागाया नको."

आता दुकानाला, घराला, नव्या ट्रॅक्टरला, बोअरच्या मोटरला, कशालाही आपण नारळ बांधतोच. साहेबांसमोर बांधता येणार नव्हता, म्हणून ते दुपारी जेवायला गेल्यावर मी चढलो. चक्कीवर बांधायचा म्हणजे फिरती पाती, तिथं जमत नव्हतं. मास्टवर बांधायचा. बरं, देवीचा नारळ, तो मध्येच कुठं खाली बांधणं बरं दिसत नाही. सगळ्यात वर बांधायचा. सगळ्यात वर वाट्या होत्या. त्यांच्या खालच्या दांडीला, वाट्यांना चिकटूनच म्हणा, पक्का आवळून बांधला, हात जोडले आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टरात लिहिलं, "काही नाही."

तुम्हाला वाटेल, खोटं लिहिलं. देवाशपथ, त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही. पतंग अडकला तर ते 'काही'. घरटं असेल तर 'काही'. देवीचा नारळ हे 'काही' कसं असेल? तो असतोच.

मग पाऊस लागला आणि पठार धुक्यात गेलं. आमच्याकडं एकदा धुकं बसलं की महिना महिना मास्टचा शेंडा दिसत नाही. वाऱ्यानं चढायचीही सोय नसते. चक्की मात्र घुमत होती आणि आकडे असे येत होते, की कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मॅडमसुद्धा मला बोलावून दाखवायच्या. शेपटीनं शंभराला बारा जास्त! दाजींना फोन केला तर पलीकडून आवाजच येईना. मग आक्काच बोलली, "रडत्यात." दुसऱ्या दिवशी दाजी पेढे घेऊन पठारावर हजर.

साहेबांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, "वरचा वारा आणि मधला वारा, यांचं नातं गेल्या वर्षीसारखं राहिलेलं नाही." मग माझ्याकडं वळून, "वर काही आहे का?"

"काही न्हाई, सायेब."

"नक्की?"

"रोज लिवतोय की."

त्या वेळी मात्र डोक्यात आलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी नारळ माझ्या डोळ्यापुढं आला. पण दाजी शेजारी पेढ्याचा बॉक्स घेऊन उभे होते. मी म्हटलं, एवढासा नारळ तो काय वारा अडवतोय!

गणपती उठले आणि दोन दिवसांत पठार स्वच्छ झालं. कडेनं फुलं, वर निळं आभाळ, आणि साहेब व्हरांड्यात दुर्बीण लावून उभे. मला हाक मारली.

"ते लाल काय आहे?"

"नारळ, सायेब."

का बांधला, कुणी बांधला, कधी बांधला, काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न काय असावा? "केवढा?"

मला चढवला, नारळ उतरवून आणला. टेबलावर ठेवून आडवा मोजला, उभा मोजला, फडक्याची लोंबती टोकं मोजली. मग रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "शेवटचा रकाना वाच. मोठ्यानं. मेपासून."

मी वाचायला लागलो. काही नाही. काही नाही. पान उलटलं. काही नाही. काही नाही. सुभेदार दारात, मॅडम कॉम्प्युटरमागं, दोघंही खाली बघत होते. अख्खा पावसाळा त्यांनी मला वाचायला लावला, एक दिवस सोडला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी शिवीचा राग धरणारा माणूस नाही. पण तो रकाना मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तो वाचायला लावणाऱ्याला माफही करणार नाही.

शेवटी म्हणाले, "हंगाम बाद."

दाजी दुसऱ्या दिवशी आले. मोठा माणूस, पण साहेबांपुढं हात जोडून उभा. "सायेब, नारळाचं काय आसंल ते वजा करा की. बाकीचं तर खरं हाय न्हवं?"

"नारळाचा आकडा माझ्याकडे नाही."

"आवं, अंदाजानं..."

"अंदाज मी लिहीत नाही. मे महिन्यापर्यंत थांबा."

जिन्यावर दाजी मला म्हणाले, "पाव्हणं, देवाचं हाय म्हणून खुपलं त्येला. दुसरं काय न्हाई." रजिस्टरातलं त्यांना ठाऊक नव्हतं. मी रोज काय लिहीत होतो, पेढे वाटताना मला काय आठवलं होतं, कशाचाच पत्ता नव्हता. मी म्हणालो, "व्हय दाजी, आसलाच हाय त्यो."

मे महिन्यात तर साहेब रिटायर व्हायचे होते. माणूस शेवटचं वर्ष कसं काढतो? सत्कार घेतो, फायली आवरतो, नातवंडांची नावं सांगतो. आमच्या साहेबांनी शेवटचं वर्ष कशात घालवलं? नारळात! थट्टा करत नाही. मास्टच्या शेंड्याला आडवी दांडी लावून त्यांनी नारळापासून लांब, तुलनेसाठी दुसऱ्या वाट्या बसवल्या आणि उन्हाळ्याचा पश्चिमेचा वारा सुटल्यापासून माझा खेळ मांडला. नारळ बांध. उतर. नारळ सोड. उतर. फडक्यासह बांध. फडक्याशिवाय बांध. तोच नारळ, आत पाणी सुकून खुळखुळायला लागलेला. मी खाली उतरलो की हे रजिस्टरात लिहिणार, "नारळ आहे," "नारळ नाही." पठारावरच्या बाकी चक्क्यांचे कामगार दुपारी डबा घेऊन बघायला यायचे. "आज कितव्यांदा रं?" म्हणून ओरडायचे. पायाच्या पिंढऱ्या अशा भरून यायच्या, की घरी जिना चढवत नव्हता. एवढा शिकलेला माणूस, सरकारी जागा, लाखमोलाची यंत्रं, आणि संशोधन कशाचं, तर नारळाचं!

अक्षय्य तृतीयेला सांगलीला गेलो तर दाजींनी विचारलं, "आकडा निघाला का? काय म्हंतोय म्हातारा?"

मी म्हणालो, "काही न्हाई दाजी. डोक्यावर परिणाम झालाय. नारळ चढिवतोय आन् उतरिवतोय."

दाजी हसले. मग उठून साच्यांवरची धूळ झटकत बसले.

निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांना शाल आणि श्रीफळ दिलं. श्रीफळ हातात आल्याबरोबर त्यांनी खिशातली पट्टी काढली, नारळाला लावली आणि माइकसमोरच मला म्हणाले, "हा मोठा आहे. आपला लहान होता." मांडवात असा हशा पिकला की बस्स. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. जाताना जीपपाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "रजिस्टरचं शेवटचं पान वाच. दाजींना दाखव."

"व्हय, सायेब."

वाचलं नाही. कोण वाचतंय! त्या रजिस्टराला परत हात लावायचा नाही, असं मी ठरवलेलंच होतं. जीप उताराला लागली आणि मी रजिस्टर कपाटात वरच्या फळीवर भिरकावून दिलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या आधी, दाजींनी घण घेऊन साचे फोडले. आक्का सांगत होती, दोन दिवस पुरले. एक तेवढा राहिला, तो उपडा करून तिनं कोंबड्यांना खुराडं केलं. दाजी आता तासगावकडच्या द्राक्षबागांना फवारणीच्या टाक्या करून देतात. धंदा बरा चाललाय. चक्क्यांकडं मात्र बघत नाहीत. पठारावर घरी या म्हटलं तर काहीतरी कारण काढतात.

आणि साहेबांचा किस्सा आमच्या घरात कायमचा झाला. बारसं असो, लग्न असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणणारच, "त्यो नारळवाला सायेब सांगा की." मी उठून चहात थर्मामीटर घालायचो, दुर्बीण लावायचो, "केवढा?" म्हणायचो. रकाना मी कधी सांगितला नाही, त्याची किश्श्यात गरज नव्हती.

परवा केंद्राची जुनी कपाटं रिकामी केली. सगळं आता मोबाइलवर दिसतं, रजिस्टरं रद्दीत. गठ्ठे मीच बांधत होतो. ते हातात आलं. म्हटलं, बघू तरी, म्हाताऱ्यानं काय तारे तोडलेत. शेवटचं पान उघडलं. बारीक, सरळ अक्षर.

"नारळामुळे वारा शंभराला तीन कमी मोजला गेला. म्हणून विजेचा खोटा फायदा नऊ. बारातून नऊ गेले. शेपटीचा खरा फायदा शंभराला तीन. चार वेळा पडताळला. दाखला देता येईल, नव्या साहेबांनी या पानाच्या आधारे द्यावा. आकार अजून सुधारण्याजोगा आहे. साचे मोडू नयेत."

त्याखाली शेवटचा रकाना. त्या दिवशी मी गावच्या जत्रेला गेलो होतो, मला चांगलं आठवतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पट्टा बांधून एकटा चढला असणार. "वर काही आहे का?" पुढं लिहिलं होतं, "काही नाही. स्वतः पाहिले."

मी तिथंच रद्दीवर बसलो. मला साहेबांचा राग आला, खरं सांगतो. तोंडानं सांगता येत नव्हतं का? जीपपाशी दोन शब्द बोलले असते! पण बोलले होते. दाखव म्हणाले होते.

रविवारी रजिस्टर पिशवीत घालून सांगलीला गेलो. दाजींच्या नातवाचा वाढदिवस, घर भरलेलं. परसात आक्का कोंबड्यांना दाणे टाकत होती, साच्याचा वाकडा काठ शेवाळलेला दिसत होता. दाजींनी पुढं येऊन माझा हात धरला. आता दाढी सगळी पांढरी झालीय.

"या पाव्हणं. पिशवीत काय आणलंय एवढं जड?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

जेवणं झाली. पोरं कोंडाळं करून बसली. दाजी म्हणाले, "नारळवाला सायेब सांगा की. धाकट्यांनी ऐकला न्हाई."

मी पिशवी खुर्चीखाली सरकवली, उभा राहिलो, चहाचा कप मागून घेतला आणि त्यात चमचा घालून थर्मामीटर केला. पोरं खदाखदा हसली. दाजी सगळ्यात जास्त हसत होते.